पावसाआधी दिग्गीला

काळी नदी दांडेलीमुळे बहुतेकांना ठाऊक असते. गणेशगुडीचं राफ्टिंग, दांडेलीच्या जंगलातली सफारी, नशीब जोरावर असेल तर काळा बिबट्या, आणि परतताना उळवी किंवा सिंथेरी रॉक्स. आपल्या मंडळातल्या निम्म्या कुटुंबांचे या सहलीचे फोटो मी पाहिले आहेत. पण ही नदी ज्या डोंगरांतून निघते तिथवर फारसं कुणी जात नाही. दिग्गी हे त्या बाजूचं गाव. जोयडा तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पलीकडे गोव्याची हद्द. इथून निघालेलं पाणी 184 किलोमीटर वाहत जाऊन सदाशिवगडाजवळ समुद्राला मिळतं आणि वाटेत कर्नाटकाला वीज देतं. दिग्गीला मात्र रस्त्यासाठी अजून पावसाची परवानगी लागते.

माझी आत्या लग्न होऊन इथल्या एका वाडीवर आली त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. लहानपणी आम्ही बेळगावहून यायचो तेव्हा या तालुक्याला सगळे सुपाच म्हणत. आतोबा अजूनही म्हणतात. मूळ सुपा गाव काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर होतं. 1987 साली पूर्ण झालेल्या धरणानं ते पोटात घेतलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. धरण 101 मीटर उंच आहे. गणेशगुडीला पर्यटक थांबून त्याचा फोटो काढतात. आतोबा त्या बाजूनं जाताना खिडकीबाहेर बघत नाहीत. त्यांच्या आजोळचं घर पाण्याखाली आहे.

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दिग्गीला गेले ती सहलीसाठी नाही. माझ्या पिशवीत कुंद्याचा डबा होता, आत्याची गुडघ्याची औषधं होती, आणि एका छोट्या खोक्यात अंगठ्याएवढे दोन धातूचे तुकडे होते. पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटातला वारा बाहेर काढणारी झडप. आतोबांच्या जिप्सीसाठी.

ही जिप्सी म्हणजे त्या वाडीचं काय आहे ते आधी सांगते. नव्वदच्या दशकातली जिप्सी किंग, 1300 सीसीची, कार्ब्युरेटरवाली, लिलावात निघालेली आणि आतोबांकडे तिसऱ्या हातानं आलेली. रंग मूळचा हिरवा असावा. उन्हाळ्यात ती सुपाऱ्या, फणस, रेशनचा तांदूळ वाहते. पावसाळ्यात मात्र वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये दोन ओढे येतात, आणि पाणी गुडघ्याच्या वर गेलं की फक्त हीच गाडी पार होते. तीही पाणी उतरायची वाट बघून, फोर-व्हील लो गिअरमध्ये. तिच्याआधी आजारी माणसाला बांबूला घोंगडी बांधून खांद्यावरून नेत. आत्याच्या पहिल्या मुलीच्या वेळी तिला तसंच नेलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलत नाही, पण जिप्सी बंद पडली असं ऐकलं की तिचा चेहरा बदलतो. यंदा वाडीवरच्या एका सुनेचे आषाढात दिवस भरत होते.

जिप्सी बंद पडलेली नव्हती. ती ऑईल खात होती आणि ऑईल गाळत होती. आतेभावानं एप्रिलमध्ये जोयड्याला येऊन फोन केला (घरी रेंज नाही) तेव्हा लक्षणं सांगितली. टॅपेट कव्हरच्या कडेनं ऑईल येतं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडतात, एअर फिल्टर ऑईलनं भिजलेला निघतो, गाडी स्लोला थरथरते. आणि एक मजेशीर गोष्ट, डिपस्टिक आपोआप वर आलेली असते. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे सांगितलं, रिंगा गेल्या, हाफ इंजिन उघडावं लागेल, बोअर-पिस्टन बघून सांगू, गाडी दीड महिना ठेवा. दीड महिना म्हणजे मिरग उलटून गेला.

मी सव्वीस वर्षं पुण्यात एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात इंजिनाचे सुटे भाग तपासले. डिपस्टिक वर येते हे ऐकल्यावर मी त्याला एकच विचारलं, "टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणारा जाडसर रबरी पाईप आहे का जागेवर?" तो म्हणाला, "आहे, पण मॅनिफोल्डकडे जात नाही. खाली लोंबतो." मागे कधीतरी एका मिस्त्रीनं तो काढून, मॅनिफोल्डवरच्या झडपेच्या तोंडाला रबरी बूच मारून, पाईप खाली रस्त्याकडे सोडून दिला होता. "इंजिनाला मोकळी हवा मिळते," म्हणून.

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर असा रस्ता. रामनगरला चहा घ्यायचाच. सुपा धरणात गेलेल्या गावांतली कितीतरी कुटुंबं इथे वसली, त्यामुळे आतोबांचा कुणी ना कुणी नातलग चहाच्या टपरीवर भेटतो आणि "सुप्याकडे निघालात?" असं विचारतो. तिथून जगलबेट, मग गणेशगुडीवरून जोयडा. जोयड्यापर्यंत कोणतीही गाडी जाते. पुढे कुंडल, बाजारकुणंग ही नावं पाट्यांवर दिसू लागली की रस्ता अरुंद होतो, झाडी जवळ येते आणि माणसांची भाषा बदलते. कन्नड पाट्या, घरात कुणबी वळणाची कोकणी, देवळात मराठी आरत्या. 1956 पर्यंत हा सगळा कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता. जुन्या माणसांचं शिक्षण त्यामुळे मराठी शाळेतलं. आतोबा ज्ञानेश्वरी मराठीत वाचतात, गाडीला शिव्या कोकणीत देतात आणि तहसीलदाराशी कन्नडमध्ये भांडतात.

मे महिन्याच्या शेवटी या भागात करवंदं संपत आलेली असतात, जांभळं सुरू असतात, आणि प्रत्येक अंगणात फणस कापलेला असतो. कणगा लावायची वेळही हीच. जोयड्याचे कंद प्रसिद्ध आहेत, कुणबी लोकांनी किती तऱ्हेचे जपून ठेवलेत ते तिथल्या कंदमेळ्यात गेलेल्यांना ठाऊक असेल. आत्यानं गेल्या वर्षीचे राखून ठेवलेले कोन उकडून दिले, बरोबर खोबरं आणि हिरवी मिरची. ढग रोज दुपारी गोव्याच्या बाजूनं चढून येत आणि संध्याकाळी परत जात. आतोबा अंगणात उभे राहून म्हणाले, "आठ दिवस. फार तर दहा."

आता त्या झडपेविषयी. ज्यांना यंत्रात रस नाही त्यांनीही हा भाग वाचावा असा माझा आग्रह आहे, कारण घरातल्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्याचा खर्च यामुळे कधीकधी वाचतो.

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा सगळा वायू पिस्टनला ढकलत नाही. थोडासा रिंगांच्या फटींतून खाली, जिथे ऑईल असतं त्या क्रँककेसमध्ये निसटतो. नव्या इंजिनातही निसटतो, जुन्यात जास्त. या वायूबरोबर न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाण्याची वाफ असते. पेट्रोल जळताना किती पाणी तयार होतं याची बहुतेकांना कल्पना नसते. साधारण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण जे खाली उतरतं ते बाहेर काढलं नाही तर ऑईलमध्ये मिसळतं. मग ऑईल भरायचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळट पांढरा, ताकावरच्या लोण्यासारखा थर दिसतो. लांब अंतर चालणाऱ्या गाडीत इंजिन तापून हे पाणी उडून जातं. दिग्गीच्या जिप्सीचा प्रवास म्हणजे दोन-चार किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ओल्या हवेत. पाणी उडायला वेळच मिळत नाही. त्या लोण्याचाच पुढे काळा चिखल होतो आणि पाईप, जाळी, झडप बुजतात.

पूर्वीच्या गाड्यांत हा वायू सरळ एका नळीनं खाली रस्त्यावर सोडत. गाडी चालत असली की नळीच्या तोंडाशी वाऱ्यानं ओढ तयार होई. उभी असली की काही नाही. आतोबांच्या जिप्सीला त्या मिस्त्रीनं नेमकं हेच केलं होतं, म्हणजे तिला साठ-सत्तर वर्षं मागं नेलं होतं. कॅलिफोर्नियात 1961 पासून नव्या गाड्यांना झडप लागू लागली आणि दोन-तीन वर्षांत ती सगळ्या अमेरिकेत पोचली. कारण लॉस एंजेलिसवरचं ते डोळे झोंबवणारं धुकं. गाड्यांतून हवेत जाणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा सायलेन्सरमधून नाही, तर या नळीतून येतो, हे लक्षात आलं होतं. मग हा वायू परत इंजिनालाच का पाजू नये? नळी मॅनिफोल्डला जोडली, मध्ये झडप ठेवली.

पण झडप त्याहून जुनी आहे, आणि तिची जुनी गोष्ट दिग्गीच्या जास्त जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या मॅनिफोल्डवर ही झडप होती. तेव्हा धुक्याची काळजी कुणाला नव्हती. त्या गाड्यांना पाण्यातून जायचं होतं. खाली लोंबणारी उघडी नळी पाण्यात बुडाली की काय होतं? आत तापलेला वायू असतो. बाहेरून गार पाणी लागलं की तो आकसतो आणि नळीतून पाणी वर ओढलं जातं, थेट ऑईलमध्ये. इंजिन ओढ्याच्या मधोमध बंद पडलं तर हमखास. आमची जिप्सी त्या लोंबत्या नळीसह दोन पावसाळे ओढे ओलांडत होती. तिनं हे सगळं सहन करून फक्त ऑईल गाळावं, हा तिचा मोठेपणा.

झडपेची रचना अगदी साधी आहे. एका नळकांडीत एक लहान दट्ट्या आणि एक स्प्रिंग. इंजिन स्लोला असतं तेव्हा मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त, दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद होते, नाहीतर जादा हवा घुसून इंजिन थरथरेल. रस्त्यावर धावताना ओढ मध्यम, वाट मोठी, जास्त वायू बाहेर. कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आलाच तर दट्ट्या वाट बंद करतो म्हणजे आग क्रँककेसमध्ये जात नाही. ही झडप बुजली, किंवा तिच्या तोंडाला बूच मारलं, की वायूला जायला जागा उरत नाही. लोंबती नळी चिखलानं अर्धी बुजलेलीच होती. मग आतला दाब ऑईल सीलवर येतो, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर येतो, डिपस्टिक वर ढकलतो, आणि ऑईल घेऊन एअर फिल्टरकडे पळतो. बघणारा म्हणतो इंजिन म्हातारं झालं. सर्वांत मोठी भीती मागच्या सीलची. तिथून गळणारं ऑईल क्लचप्लेटवर गेलं की चढावर इंजिन नुसतं गरगरतं आणि गाडी हलत नाही. ओढ्यातून वर येणारा चढ कसा आहे ते मी पायी चढून पाहिलेलं आहे.

रिंगा खरोखरच गेलेल्या असू शकत होत्या, त्यामुळे आधी ते बघणं भाग होतं. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावलं. आतेभाऊ स्टार्टर मारत होता, मी आकडे फणसाच्या पानावर लिहीत होते, कारण वहीपेक्षा तेच जवळ होतं. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. नव्यासारखे नाहीत, पण हाफ इंजिन उघडण्यासारखेही नाहीत. आतोबांनी ते पान दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

काम सकाळी थंड इंजिनावर केलं. जिप्सीत झडप मॅनिफोल्डमध्ये आट्यांनी बसवलेली असते. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा, झडप इतकी वर्षं न हललेली. अशा वेळी जोर करणाऱ्या माणसाला दूर पाठवावं. मी आतेभावाला पाणी काढायला पाठवलं. रात्रीच गंजाचं तेल सोडून ठेवलं होतं. बरोबर मापाचा रिंग पाना लावून, थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा सैल, असं करत अर्ध्या तासानं ती हलली. बाहेर आली तेव्हा काळ्या वांग्याच्या देठासारखी दिसत होती. कानाशी धरून हलवली. चांगली झडप खुळखुळते. ही मुकी होती.

मॅनिफोल्डमधलं भोक कार्बननं अर्धं झालेलं. आत काही पडू नये म्हणून इंजिनाच्या बाजूला चिंधी कोंबून लाकडी काडीनं आणि कार्ब क्लीनरनं साफ केलं. आत्या दारात बसून बघत होती. म्हणाली, "माझ्या चुलीच्या धुराड्यागत झालंय गो हे. दर दिवाळीला झाडावं लागतं." मग टॅपेट कव्हर उतरवलं. त्याच्या आतल्या बाजूला ऑईलचे शिंतोडे अडवणारा पत्रा असतो, त्यामागे चिखल भरला होता. तो राहिला असता तर नवी झडप महिन्याभरात बुजली असती. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलमध्ये भिजवून ठेवलं. दुपारचं जेवण होईपर्यंत सुटलं.

बेळगावात झडप विकत घेताना दुकानदारानं दोन दाखवल्या, एक निम्म्या किमतीची. बाहेरून जुळी. फुंकून बघायची रीत आहे. इंजिनाच्या बाजूनं फुंकलं की हवा सहज जायला हवी, मॅनिफोल्डच्या बाजूनं फुंकलं की अडायला हवी. स्वस्त झडपेतून दोन्हीकडून सारखीच जात होती. आत स्प्रिंग नसावीच. आणि हे नव्या झडपेवरच करावं, जुनी तोंडाला लावून ओढू नये, आत काय साचलेलं असतं ते विषारी असतं. पाईपही ऑईल सहन करणाराच घेतला. रेडिएटरच्या पाण्याचा साधा पाईप दिसायला तसाच असतो, पण ऑईल लागून फुगतो आणि मऊ पडून आतून चिकटतो.

नवी झडप हातानं आटे जुळवून बसवली, मग पाना. कव्हरला नवं पॅकिंग. पाईप टॅपेट कव्हरवरून पुन्हा मॅनिफोल्डकडे, दोन्ही टोकांना क्लिपा. एअर फिल्टरकडून ताजी हवा आणणारा दुसरा पाईपही साफ केला. तो बहुतेक जण विसरतात, आणि मग नुसती ओढ राहते, आत यायला हवाच नाही. साडेतीन-चार लिटर नवं ऑईल. जुनं काढलं ते काळं नव्हतं, दुधाळ चहाच्या रंगाचं होतं. आतोबांनी ते भांडं बघितलं आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली, पण स्लोला चढली होती. लोंबत्या नळीच्या दिवसांत कुणीतरी कार्ब्युरेटरचा स्क्रू आवळून ठेवला होता. तो सैल करत करत आवाज बसवला. मग पाईप झडपेवरून क्षणभर काढून आतोबांना अंगठा झडपेच्या तोंडावर ठेवायला सांगितलं. अंगठा आत ओढला गेला तसे ते हसले. "बरें जालें," म्हणाले. डिपस्टिक जागेवर होती.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं आम्ही डोंगराकडे गेलो. नदी म्हणावी असं तिथे काही नाही. दगडांत ओल, झाडांच्या मुळांत साचलेलं ओंजळभर पाणी, मध्येच एक धार. मे महिन्यात इतकंच. चढावर क्लच घसरला नाही. उतरताना आतेभावानं मुद्दाम गाडी ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभी केली आणि खाली वाकून बघितलं. दोन थेंब. मागचं सील इतक्या दिवसांच्या दाबानं थोडं सैल झालं आहे, ते राहणारच. बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दिवाळीनंतर बघू असं ठरलं. दुसरी झडप आत्यानं हळदीच्या डब्याशेजारी फडताळात ठेवली आहे, कापडात गुंडाळून.

आठ दिवस म्हणाले होते, पाऊस सहाव्या दिवशीच आला. मी तोवर पुण्यात परतले होते.

जुलैच्या मध्यावर आतेभावाचा जोयड्याहून फोन आला. त्या सुनेला पाणी वाढायच्या आधीच जिप्सीतून जोयड्याला तिच्या मामाकडे नेऊन ठेवलं होतं. मुलगी झाली, दोघी बऱ्या. नंतर गाडी चारदा ओढे पार करून गेली. दोनदा तांदळासाठी, एकदा शाळेतल्या बाईंना आणायला, आणि एकदा मध्यरात्री, शेजारच्या म्हाताऱ्याची छाती भरून आली म्हणून. त्या रात्री पाणी उतरायला दोन तास थांबावं लागलं, इंजिन चालूच ठेवलं होतं, बंद केलं नाही. म्हातारा घरी आलाय, विड्या मात्र बंद केल्यात. ऑईल डिपस्टिकवर वरच्या खुणेपेक्षा बोटभर खाली. झाकणाच्या आत पांढरं दिसतं का विचारलं, तर म्हणाला थोडं दिसतं. मग आठवड्यातून एकदा गाडी जोयड्यापर्यंत नीट तापवून आण म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आतोबा तेच निमित्त काढून दर मंगळवारी बाजाराला जातात.

दिवाळीनंतर येताना मागचं ऑईल सील, एक एअर फिल्टर आणि कुंदा आणायला सांगितलंय. कुंदा या वेळी दोन डबे.